दोडकेकाकांचा एक वाजताचा फोन

आमच्या धंद्यात किस्से सांगायला बंदी आहे, म्हणूनच ते इतके साठतात. बँकेतला माणूस घरी येऊन बायकोला सगळं सांगून मोकळा होतो. मी घरी येते, नवरा विचारतो, "काय झालं आज?" आणि मी म्हणते, "काही नाही." असे सहा वर्षांचे 'काही नाही' पोटात घेऊन बसलेली बाई कधीतरी फुटणारच की! तेव्हा आज फुटते. ज्यांचे किस्से आहेत त्यांना विचारलंय, शिवाय नावं, गावं, नाती सगळी उलटीपालटी केलीत. तरी कुणाला यात आपला शेजारी दिसलाच, तर तो तुमचा शेजारी नव्हे. शेजारी सगळीकडे सारखेच असतात.

आधी धंदा कसला ते सांगते. मी मूळची निपाणीची, आता बेंगळुरूची. हेब्बाळला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तिथं काचेच्या छोट्या छोट्या केबिन आहेत आणि प्रत्येक केबिनमध्ये एकेक जण हेडफोन लावून लॅपटॉपशी बोलत बसलेला असतो. नैराश्य, चिंता, छातीत धडधड असली दुखणी घेऊन लोक व्हिडिओ कॉलवर येतात आणि आम्ही त्यांना सीबीटी, म्हणजे बोलून करायचा उपचार देतो. गोळी नाही, इंजेक्शन नाही. डोक्यात आलेला विचार धरायचा, 'तू खरा कशावरून?' असं त्याला विचारायचं आणि दर आठवड्याला एक छोटा होमवर्क करून बघायचा. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं, करायला घाम फुटतो.

मराठी डेस्कवर आम्ही तिघंच. आमची मुख्य म्हणजे अक्का. तिचं घराणं तीन-चारशे वर्षांपासून इकडंच, त्यामुळं तिच्या मराठीत कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, मीठमोहरीसारखं पडत असतं. दुसरा मंदार, पुण्याचा. 'बेसिकली' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नाही. आणि तिसरी मी, जिला जेवायच्या वेळेला कुणी हात लावला तर खपत नाही.

*

क्लायंटचं नाव आपसातसुद्धा घ्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. इतर डेस्कवाले नंबर वापरतात. अक्काला नंबर आवडत नाहीत. ती म्हणाली, माणसाला नंबर द्यायला हे काय तुरुंग आहे? मग तिनं पद्धत पाडली. क्लायंट ज्या दिवशी पहिल्यांदा येईल, त्या दिवशी अक्काच्या डब्यात जी भाजी असेल, ते त्याचं नाव.

त्यामुळं आमच्या मीटिंगा अशा चालतात: "मेथी कशी आहे?" "बरी आहे, पण सासूशी बोलली नाही." "आणि गवार?" "गवार रडली." बाहेरचा कुणी ऐकेल तर आम्ही मंडईवाले आहोत असंच समजेल.

एकदा मंदार लिफ्टमध्ये होता. खचाखच भरलेली लिफ्ट, आणि त्याला अक्काचा फोन आला. पठ्ठ्या इतका खूश होता की त्याला राहवेना. "अक्का, ग्रेट न्यूज! भोपळ्यानं आज आंघोळ केली! स्वतःहून!" मागं एक वयस्कर गृहस्थ उभे होते, त्यांना मराठी समजत होतं. उतरताना त्यांनी मंदारच्या पाठीवर हात ठेवला आणि कौतुकानं विचारलं, "किती वर्षांचा आहे?"

मंदारच्या तोंडून खरं ते निघून गेलं. "बेचाळीस."

*

आता दोडकेकाका. खरं तर नुसतं 'दोडका' म्हणायचं, पण माणूस छप्पन्न वर्षांचा, आमच्याच सीमाभागातला. मला काही नुसतं दोडका म्हणवेना.

काका पीण्यात, म्हणजे बेंगळुरूच्या कारखान्यांच्या भागात, एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर. तीस वर्षं यंत्रांत गेलेली. तिथं एक प्रेस होती, पत्रा दाबून कापायचं यंत्र. तिचं सेफ्टी गार्ड बिघडलं होतं. दुरुस्तीवाला आला म्हणून काका त्याला घ्यायला गेटवर गेले आणि तेवढ्या दोन मिनिटांत बसवराज नावाच्या ऑपरेटरची उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. बसवराजला त्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. त्या दिवशी घरी आले ते परत कारखान्यात गेलेच नाहीत. दाढी नाही, पेपर नाही, जेवण नावाला. काकूंनी रडून रडून शेवटी आमच्याकडं नाव घातलं. मालक भला माणूस, त्यानं जागा धरून ठेवली होती. पण तो तरी किती दिवस धरणार? काकांनी परत उभं राहायचं आणि त्या यंत्रासमोर जायचं, एवढं एकच काम माझ्यासमोर होतं.

पहिले तीन आठवडे मला फक्त पंखा दिसला. काका फोन टेबलावर उताणा ठेवायचे आणि बाजूला बसायचे. दर गुरुवारी साडेबाराला मी पंख्याशी बोलायची आणि पंख्याकडून उत्तर यायचं, "बरं."

एक गोष्ट मात्र त्यांना जमायची. आम्ही विचारतो, भीती किती वाटते, शून्य ते शंभर सांगा. लोक पन्नास, सत्तर, ऐंशी असं गोल सांगतात. काका यंत्रावरचे, मायक्रॉनमध्ये मोजायची सवय. मी विचारलं, त्या प्रेसचं नाव काढलं की किती? पंख्यानं जरा विचार केला.

"त्र्याण्णव. अधिक-वजा दोन."

*

लोक सेशनला कुठून कुठून बसतात म्हणून सांगू! घरात माणसं असतात, सगळ्यांसमोर रडणार कसं? मग कुणी गच्चीवर टाकीमागं, कुणी बाथरूममध्ये बादली उलटी घालून. गवारताईंना तर घरात कुठंच जागा नव्हती. त्या बेसमेंटमध्ये पार्क केलेल्या गाडीत बसायच्या. काच चार बोटं खाली, कारण आत उकडतं.

त्यांना घाबरं व्हायचं, म्हणून मी श्वासाचे व्यायाम द्यायची. हळूहळू घ्या, हळूहळू सोडा, आता मनातला विचार वहीत लिहा. सहा आठवडे छान चाललं. सातव्या आठवड्यात त्या माहेरी गेल्या आणि सेशन बुडालं. परत आल्यावर गाडीत बसतायत तोच बेसमेंटचा सिक्युरिटीवाला आला. उत्तर कर्नाटकातला, मराठी येणारा. म्हणाला, मॅडम, मागच्या आठवड्यात क्लास नव्हता का? मी खुर्ची टाकून बसलो होतो.

गवारताईंच्या पायाखालची जमीन सरकली. सहा आठवडे हा माणूस खांबामागं बसून सगळं ऐकत होता! त्या रागावून काही बोलणार, तोवर त्यानं खिशातून छोटी वही काढली. सगळा होमवर्क केलेला. पहिल्या आठवड्यापासून. तारीखवार.

आणि वर त्यांनाच म्हणाला, "तुमचा तिसऱ्या आठवड्याचा राहिलाय, मॅडम."

आता काच बंद असते, एसी चालू असतो आणि सिक्युरिटीवाल्याचं स्वतंत्र सेशन बुधवारी असतं. त्याचं नाव फ्लॉवर.

*

होमवर्कवरून आठवलं. विचार लिहायचा जो तक्ता आम्ही देतो, तो पूर्वी इंग्रजीत होता. मंदारनं त्याचं मराठी केलं. 'स्वयंचलित नकारात्मक विचारांची नोंद', 'संज्ञानात्मक विपर्यास', असे एकेक खण. आठवडाभर कुणी तक्ता भरलाच नाही. एका आजोबांनी तर तो सरकारी फॉर्म समजून सोबत दोन फोटो जोडून पाठवले.

अक्कानं तक्ता घेतला, काट मारली आणि चार खण पाडले. डोक्यात काय आलं? खरं कशावरून? खोटं कशावरून? मग आता काय? म्हणाली, सरी, एवढं पुरे. आजही तोच चालतो.

मेथीनं तो तक्ता सोयीचा म्हणून फ्रिजवर चिकटवला. तिच्या डोक्यात कायम एकच: सासूबाईंना मी आवडत नाही. आठवड्यानं तिनं तक्त्याचा फोटो पाठवला तेव्हा खाली एक जादा ओळ होती, दुसऱ्याच अक्षरात. सासूबाईंनी कुणाला न विचारता स्वतःची ओळ भरली होती.

डोक्यात काय आलं? सून मला विचारत नाही. खरं कशावरून? विचारत नाही. खोटं कशावरून? काल चहा विचारला. पण साखर कमी होती. मग आता काय? साखर मीच घालून घेईन.

मी तो फोटो अक्काला दाखवला. अक्का दोन्ही हातांनी कपाळ धरून म्हणाली, अगं, हे जमायला आपल्याला दहा सेशन लागतात. त्या सासूबाईंना कामावर ठेवू या का?

*

इकडं दोडकेकाकांचं गाडं पंख्यावरच अडलेलं. आमच्यात एक रीत आहे. ज्या गोष्टीची भीती, तिच्याकडं शिडी लावायची. पहिल्या पायरीवर नुसता फोटो, मग आवाज, मग गेटपर्यंत जाणं, मग आत. एकेक पायरी चढायची, घाई नाही. काकांनी फोटो बघितला होता. आता आवाजाची पाळी. मी इंटरनेटवर शोधलं, 'प्रेस मशीन साउंड' असं काहीतरी टाकलं, आणि धाडधाड वाजणारा एक व्हिडिओ मिळाला. माझं यंत्रांचं ज्ञान मिक्सरपाशी संपतं.

गुरुवार उजाडला. काकांना सांगितलं, डोळे मिटा, श्वास घ्या, आता आवाज ऐकवते. मी आवाज मोठा केला. धाड, खट, धाड, खट. पंखा फिरतोय. मला वाटलं, माणूस चक्कर येऊन पडला की काय? एवढ्यात स्क्रीन हलली. पंखा गेला, भिंत आली, कॅलेंडर आलं, आणि दाढी वाढलेला एक चेहरा जवळ जवळ येत गेला. महिन्याभरात पहिल्यांदा मी माझ्या क्लायंटचं तोंड बघितलं. कपाळाला आठ्या.

"मॅडम, ही प्रेस नव्हे. पापडाचं मशीन आहे हे. आणि त्याचं बेअरिंग गेलंय."

आतापर्यंतचं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. मी कबूल केलं की मला त्यातलं काही कळत नाही. मग पुढची वीस मिनिटं काकांनी मला बेअरिंग शिकवलं. ग्रीस कधी घालायचं, कोणता आवाज आला की समजायचं. मी मुकाट्यानं लिहून घेतलं. शेवटी भीती किती म्हणून विचारलं, तर म्हणाले, विसरलोच की, बघतो, एकसष्ट.

काकूंनी नंतर मेसेज केला की त्या संध्याकाळी काकांनी घरातला मिक्सर, पंखा आणि शेजारणीचं शिलाई मशीन, सगळं खोलून ग्रीस घातलं. शेजारणीच्या मशीनवर शिवलेल्या पहिल्या ब्लाउजला डाग पडला ते सोडा.

पुढचे दोन आठवडे त्यांनी खऱ्या प्रेसचा आवाज ऐकला. मग काकूंबरोबर कारखान्याच्या गेटपर्यंत चालत गेले. घरामागच्या दोन गल्ल्या सोडून तर गेट. तिथं मात्र शिडी थांबली. आत काही जाईनात.

*

बेंगळुरूत असून सॉफ्टवेअरवाला क्लायंट नाही, असं कसं होईल? मंदारकडं कोबी होता. हुशार, लग्न झालेला, आणि दोन वर्षांत कशात म्हणून आनंद वाटला नाही असं सांगणारा. मंदारनं होमवर्क दिला: रोज दहा मिनिटं, पूर्वी जे आवडायचं ते करायचं. त्याला बासरी आवडायची.

कोबीनं काय केलं, तर ऑफिसात कामाची तिकिटं लावतात तसं स्वतःच्या नावावर तिकीट लावलं. नाव: आनंद. वेळ: रोज दहा मिनिटं. दर शुक्रवारी मंदारला स्टेटस रिपोर्ट. पहिला आठवडा, काम चालू. दुसरा आठवडा, काम चालू. तिसऱ्या आठवड्यात म्हणे, सोमवारी थोडा आढळला, सुमारे चार मिनिटं. आणि चौथ्या शुक्रवारी: पुन्हा घडवून बघितला, घडत नाही. तिकीट क्लोज्ड.

मंदार तोंड पाडून आला. म्हणाला, बेसिकली मी फेल गेलो. अक्का पोळी खात होती. तिनं मानही वर केली नाही. "तिकीट परत उघड म्हणावं. आणि टेस्टिंगला बायकोकडं दे."

कोबीनं सांगितलं तसं केलं. पुढच्या शुक्रवारी रिपोर्टमध्ये बायकोचा शेरा होता: हसताना दिसला. मंगळवारी, दोन वेळा. एकदा मला बघून.

मंदारनं तो शेरा छापून स्वतःच्या केबिनमध्ये लावला. बेसिकली तो तेव्हापासून माजलाय.

*

आता एक प्रयोग सांगते, कारण पुढचं त्यावर आहे. एखाद्याला खात्री असते की अमुक केलं की तमुक वाईट होणारच. आम्ही म्हणतो, आधी काय होणार ते लिहा, मग करून बघा, आणि मग खरं काय झालं ते लिहा. वाद घालायचा नाही. करून बघायचं.

तोंडली म्हणून एक मुलगी होती, लोक हसतील या भीतीनं दुकानात पाऊल न टाकणारी. सगळं ऑनलाइन मागवायची. तिला मी म्हटलं, मुद्दाम वेड्यासारखं काहीतरी कर. हार्डवेअरच्या दुकानात जा आणि एक किलो कांदे माग. तिनं लिहिलं: दुकानदार हसेल, शंभर टक्के. बाकीची गिऱ्हाइकं बघतील, शंभर टक्के. मी रडत बाहेर येईन, नव्वद.

गेली बिचारी आमच्या बेंगळुरूच्या शिवाजीनगरला. दुकानात खिळे, पाइप, साखळ्या. कापऱ्या आवाजात म्हणाली, एक किलो कांदे. दुकानदार काहीतरी लिहीत होता. त्यानं वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, "स्वल्प थांबा, अक्का." इकडं दुकानदाराला प्रत्येक बाई अक्काच. पलीकडच्या दुकानात गेला, कांदे घेऊन आला, आपल्या खिळ्यांच्या काट्यावर परत तोलून दाखवले आणि विचारलं, बटाटे नकोत का?

मुलगी सेशनला आली ती कांदे घेऊनच. कॅमेऱ्यासमोर धरले. म्हणाली, ताई, कुणीच हसलं नाही हो, आता मी काय करू? म्हटलं, भजी कर.

*

परत दोडकेकाकांकडं येते. नवव्या आठवड्यात काकूंचा घाबरा मेसेज आला. मालकाचा निरोप होता: सोमवारी या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. आमच्या हातात एकच गुरुवार उरला होता.

आणि त्यातही नेटवर्क! गेले किती गुरुवार बघत होते, बोलणं जरा रंगात यावं आणि बरोब्बर एक वाजता काकांचा व्हिडिओ गोठावा. अर्धं मिनिट चेहरा तसाच, मग पुन्हा सुरू. मी पीण्याच्या टॉवरला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील. त्या बुधवारी मी वेळेची जुळवाजुळव करायला काकांना फोन केला आणि सहज म्हटलं, उद्या एकच्या आत मुख्य बोलून घेऊ, एकला तुमचं नेट जातं.

काका म्हणाले, नेट नाही जात. बसवराजचा फोन येतो. फोन आला की तुमचा व्हिडिओ थांबतो.

मी म्हटलं, कोण बसवराज? तो बोटं गेलेला? तो फोन करतो?

"रोज. एकला. तीन महिने झाले. मी उचलत नाही."

आता गं बाई! नऊ आठवडे मी यंत्राला शिडी लावून बसले होते, आणि माणूस यंत्राला भीतच नव्हता. मी विचारलं, कशाला करत असेल तो फोन? काकांना काडीची शंका नव्हती. शिव्या द्यायला. तो बरा होऊन कामावर आला होता, पॅकिंगला बसत होता, हे त्यांना ठाऊक होतं. काका म्हणाले, रोज आपला हात बघत असेल, रोज माझी आठवण येत असेल, म्हणून रोज फोन करतो. तोंडावर बोलून मोकळं व्हायचंय त्याला. मी त्याच्या जागी असतो तर मीही केला असता.

मी धावत अक्काकडं गेले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उचलू दे की. आपण सोबत बसू. मी म्हटलं, अक्का, आणि त्यानं खरंच शिव्या दिल्या तर? अक्का म्हणाली, तर देऊ दे. तीन महिने हे रोज एकला मनातल्या मनात खातायतच. एकदा खऱ्या खाऊन होऊ दे.

*

गुरुवारी काका काकूंच्या फोनवरून सेशनला बसले, म्हणजे त्यांचा स्वतःचा फोन मोकळा. तो त्यांनी टेबलावर समोर ठेवला होता, स्पीकरवर घ्यायचा ठरवून. अंगात बनियन, दाढी तशीच. मागं दारात काकू पदराचं टोक धरून उभ्या. माझ्या केबिनमध्ये माझ्याशेजारी स्टुलावर अक्का, काकांना विचारून आलेली.

प्रयोगाचं आधी लिहायचं असतं. काकांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. शिव्या देईल, पंच्याण्णव, अधिक-वजा दोन. 'तुझ्यामुळं झालं' म्हणेल, अठ्ठ्याण्णव. मी सोमवारी कामावर जाईन. तिथं त्यांनी आकडा घातलाच नव्हता, नुसती रेघ मारली होती.

एक वाजला. फोन वाजला. मला वाटलं, काका हात पुढं करतील. ते नुसते बघत राहिले. चार रिंगा, पाच, सहा. काकू काही बोलणार होत्या, मी मान हलवून नको म्हटलं. शेवटी शेवटी काकांनी एका बोटानं हिरवं बटण दाबलं आणि हात परत मांडीवर घेतला.

पलीकडं जेवणाच्या सुट्टीचा गलका. डबे, भांडी, कुणीतरी हसतंय. आणि मग एक साधासरळ आवाज, काल संध्याकाळीच निरोप घेतलेल्या माणसाचा असावा तसा.

"अण्णा, ऊटा आयता?"

बस्स. जेवण झालं का. तिकडून बसवराजनं पुन्हा विचारलं, अण्णा, ऐकू येतंय ना? मग काका कसेबसे म्हणाले, नाही. नाही झालं.

यापुढचं सगळं कन्नडमध्ये झालं. आम्हा दोघींना कळत होतं, काकूंनाही. बसवराज म्हणाला, माझंही रोज राहतं. काका म्हणाले, का? बसवराज आवाज खाली आणून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये असा बोलला. डब्याचं झाकण उघडत नाही. दोन बोटांचा जोर लागायचा, तीच गेली. बायको सैल लावते, पण गरम भात आत असला की घट्ट बसतं. कधी घरी तसाच परत नेतो, कधी पावावर भागवतो.

काकांनी विचारलं, मग कुणाला तरी सांगायचं की उघडून द्या म्हणून. एवढी माणसं आहेत तिथं.

"दुसऱ्यांना सांगायची लाज वाटते, अण्णा."

केबिनमध्ये अक्कानं माझा हात धरला, घट्ट. काका फोनकडं बघत होते. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी नऊ आठवड्यांत कधी ऐकला नव्हता, कारखान्यात चालणारा असावा.

"डबा आहे तसा ठेव. जोर लावायचा नाही, पत्रा लागेल. हात लावू नकोस त्याला. मी आलो."

खुर्ची मागं पडली. काका बनियनवरच बाहेर पडले होते. काकू खुंटीवरचा शर्ट ओढून घेऊन त्यांच्यामागं गल्लीत धावल्या.